स्मृतिभ्रंश आणि औषधी वनस्पती: बाटली उघडण्याआधी काय करायचं, उघडल्यावर काय पाहायचं

आईच्या औषधांचा डबा मी पहिल्यांदा टेबलावर पालथा केला, तेव्हा त्यातून सात स्ट्रिपा आणि तीन बाटल्या निघाल्या. तिन्ही बाटल्या स्मरणशक्तीसाठी. एक नातेवाइकांनी आणलेली, एक कुणीतरी सुचवलेली आणि एक मीच मागवलेली. कोणती कधीपासून चालू आहे हे आम्हा दोघींनाही धड सांगता येईना. स्ट्रिपांमध्ये क्लोरफेनिरामिनची एक छोटी गोळी होती. अंगाला खाज येत होती म्हणून कधीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली. खाज केव्हाच गेली होती, पण गोळीने झोप लागते म्हणून ती रोज रात्री चालूच राहिली होती.

ही गोळी मेंदूतल्या पेशींमधला संदेश पोचवणाऱ्या ॲसिटिलकोलिन या रसायनाचं काम अडवते. आणि मी मागवलेल्या बाटलीतलं हुपरझीन हे वनस्पतीतलं द्रव्य तेच ॲसिटिलकोलिन टिकवण्यासाठी होतं. एकीकडून आम्ही दार उघडत होतो आणि दुसरीकडून तेच दार लावून घेत होतो.

पुढे आईला अल्झायमरचं निदान झालं. वनस्पतींवरचा माझा विश्वास त्यामुळे उडाला नाही, पण तो ठेवायची माझी रीत बदलली. वनस्पतीतलं द्रव्य मेंदूवर परिणाम करतं असं आपण म्हणतो, तेव्हा ते औषध आहे असंच म्हणत असतो. मग औषधाला लागणारी सगळी शिस्त त्यालाही लावली पाहिजे: निदान, मात्रा, नोंद आणि वेळेवर बंद करणं. पुढच्या पायऱ्या त्या शिस्तीच्या आहेत. त्या डॉक्टरांच्या जागी नाहीत, डॉक्टरांकडे जाताना हातात काय असावं हे त्यातून कळेल.

पहिली पायरी: विसरणं कसं आणि किती वेगाने वाढतंय ते पाहा

ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी न सुचणं आणि तासाभराने आपसूक आठवणं, हे वयाबरोबर बहुतेकांच्या वाट्याला येतं. पण वर्षानुवर्षं राहत्या घरात न्हाणीघराचं दार शोधावं लागणं, दहा मिनिटांत तोच प्रश्न चौथ्यांदा विचारणं, जन्मभर चोख हिशेब ठेवणाऱ्या माणसाचा साध्या बेरजेत गोंधळ उडणं, हे वेगळं आहे. इथे बाटली शोधायची नाही, तपासणी करून घ्यायची.

वेग त्याहून महत्त्वाचा. काल बरा असलेला माणूस आज एकदम बरळू लागला, दिवस-रात्र उलटी झाली, तर त्याला डिलिरियम म्हणतात. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं, नवीन सुरू केलेलं औषध अशी कारणं त्यामागे असतात. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एक हात लुळा पडणं ही पक्षाघाताची लक्षणं. तिथे मिनिटं मोजली जातात. काही आठवड्यांत भराभर उतार लागला आणि मध्ये कधी डोक्याला मार लागलेला असेल, तर कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त हे कारण असू शकतं. महिन्या-वर्षांच्या गतीने सरकणारा ऱ्हास असेल, तरच या लेखातल्या पुढच्या गोष्टींना जागा आहे.

दुसरी पायरी: सुधारता येणारी कारणं आधी वगळा

माझ्या मते अख्ख्या लेखात सर्वांत जास्त उपयोगाची पायरी हीच आहे, आणि लोक हीच गाळतात.

बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचं काम मंदावणं, नैराश्य, झोपेत श्वास अडकणं, ऐकू कमी येणं, दारू. या प्रत्येकामुळे माणूस विसरभोळा दिसतो आणि प्रत्येकावर काही ना काही उपाय आहे. डॉक्टर साधारणपणे रक्तातलं बी-१२, टीएसएच, साखर, सोडियम, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या सांगतात. गरज वाटली तर मेंदूचं स्कॅनही. सोबत एमएमएसई किंवा मोका ही स्मरणशक्ती आणि विचारशक्तीची, प्रत्येकी ३० गुणांची चाचणी घेतात. ते गुण तारखेसकट लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत.

मग औषधांचा डबा टेबलावर पालथा करा, अगदी शब्दशः. जे जे पोटात जातं ते सगळं समोर मांडा: डॉक्टरांनी दिलेलं, स्वतःहून आणलेलं, चूर्ण, काढा, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, झोपेचं, सर्दीचं. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: नाव, मात्रा, कधीपासून आणि कशासाठी. ‘कशासाठी’चा रकाना जिथे रिकामा राहील, तिथे खूण करा. खाज आणि सर्दीच्या जुन्या धाटणीच्या गोळ्या (क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन), लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, ॲमिट्रिप्टिलिन आणि झोपेच्या काही गोळ्या उतारवयात डोक्यावर धुकं आणतात. यातलं काहीही मनाने बंद करू नका, कारण काही औषधं एकदम थांबवली तर त्रास होतो. कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, याची अजून गरज आहे का?

आईची रात्रीची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद झाली. तिचा आजार त्याने गेला नाही. पण दुपारची गुंगी ओसरली, आणि संध्याकाळी ती पुन्हा खिडकीशी बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागली. इतक्या महिन्यांत कोणत्याच बाटलीने हे केलं नव्हतं.

तिसरी पायरी: वनस्पतीतलं द्रव्य औषध कसं होतं ते समजून घ्या

अल्झायमरमध्ये ॲसिटिलकोलिन बनवणाऱ्या चेतापेशी लवकर झडतात. जे थोडं ॲसिटिलकोलिन उरतं, त्याचे तुकडे करणारं एक विकर (एन्झाइम) शरीरात असतं, ॲसिटिलकोलिनेस्टरेज. या विकराला अडवलं तर उरलंसुरलं ॲसिटिलकोलिन जास्त वेळ टिकतं आणि पेशींमधला संदेश पुढे जातो. हे काम करणारी द्रव्यं वनस्पतींमध्ये सापडली.

त्यातलं पहिलं ठळक नाव गॅलँटामाइन. ते स्नोड्रॉप या बर्फाच्या दिवसांत फुलणाऱ्या कंदवर्गीय झाडातून आलं. १९५०च्या दशकात सोव्हिएत संघ आणि बल्गेरियातल्या संशोधकांनी ते वेगळं करून अभ्यासलं. सुरुवातीला त्याचा वापर स्नायूंच्या आणि मज्जातंतूंच्या विकारांत झाला. २००१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सौम्य ते मध्यम अल्झायमरसाठी त्याला मान्यता दिली. डॅफोडिलच्या कंदातही ते असतं.

दुसरी गोष्ट पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार शेंगेच्या बीची. या विषारी बीतून १८६४ साली फायसोस्टिग्मिन वेगळं केलं गेलं आणि १९३५ साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन यांनी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. अल्झायमरसाठी ते वापरून पाहिलं गेलं, पण त्याचा असर फार लवकर ओसरे आणि त्रास जास्त होई. त्याच्या रचनेचा धडा गिरवून पुढे रिव्हास्टिग्मिन तयार झालं. आज ते कॅप्सूल आणि त्वचेवर चिकटवायच्या पट्टीच्या रूपात मिळतं.

म्हणजे डॉक्टर स्मृतिभ्रंशासाठी जी मोजकी औषधं लिहून देतात, त्यांतल्या दोहोंची मुळं वनस्पतींतच आहेत. ‘ॲलोपॅथी की वनस्पती’ हा वाद इथे टिकत नाही. पण कुणी स्नोड्रॉपचा कंद वाटून घेत नाही. तो कंद विषारी आहे. त्यातलं एक द्रव्य वेगळं काढलं, मिलिग्रॅममध्ये मोजलं, हजारो रुग्णांवर तपासलं, मगच त्याचं औषध झालं. गॅलँटामाइनची सुरुवात दिवसाला एकूण ८ मिलिग्रॅमने होते, किमान चार आठवड्यांनी १६ आणि सोसलं तर पुढे २४. पायरी चुकवून मात्रा वाढवली तर उलट्या, जुलाब, वजन घटणं, नाडी मंदावून चक्कर येणं हे प्रकार होतात.

आणि इतकं करून फायदा किती? या गटातल्या औषधांनी ७० गुणांच्या मापनपट्टीवर सहा महिन्यांत सरासरी दोन-तीन गुणांचा फरक पडतो. आजार थांबत नाही. काहींना काही महिने थोडं सावरल्यासारखं होतं, काहींना काहीच नाही. स्मृतिभ्रंशापूर्वीच्या सौम्य टप्प्यातल्या, म्हणजे एमसीआय असलेल्या लोकांना गॅलँटामाइन देऊन पाहिलं, तेव्हा स्मृतिभ्रंश टळला नाही आणि औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त दिसले. त्यावरून २००५ साली इशारा दिला गेला. मान्यता मिळालेल्या, मोजून-मापून दिलेल्या द्रव्याची ही कथा असेल, तर कोणत्याही बाटलीवरचं ‘स्मरणशक्ती दुप्पट’ हे वाक्य किती मनावर घ्यायचं ते ठरवता येतं.

चौथी पायरी: वनस्पतींचे पुरावे वेगवेगळे तोला

‘वनौषधींनी फायदा होतो का’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणती वनस्पती, कोणता अर्क, किती मात्रेत, कोणाला आणि किती दिवस, असं विचारावं लागतं.

जिंको बायलोबाचा अभ्यास सगळ्यांत मोठा झाला आहे. अमेरिकेतल्या जेम या चाचणीत ७५ वर्षांवरचे ३,०६९ लोक होते. निम्म्यांना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. सरासरी सहा वर्षं हे चाललं. २००८ साली निकाल आला: स्मृतिभ्रंश टळला नाही. जिंकोच्या गटात २७७ जणांना तो झाला, दुसऱ्या गटात २४६ जणांना. युरोपातल्या गाइडएज या २,८५४ लोकांच्या पाच वर्षांच्या चाचणीचा निकालही २०१२ साली असाच आला. आजार झालेल्यांची लक्षणं थोडी सौम्य होतात, असं ईजीबी ७६१ या ठरावीक अर्काच्या काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. पण ‘होऊ नये म्हणून’ जिंको घेण्याला आधार नाही, हे मी अगदी स्पष्टपणे सांगते. त्याच्या कच्च्या बिया तर विषारी असतात.

ब्राह्मीबद्दल बोलताना आधी नावाचा घोळ सोडवावा लागतो. ब्राह्मी म्हणून दोन निराळ्या वनस्पती दिल्या जातात. एक बॅकोपा मोनिएरी, म्हणजे जलब्राह्मी: बारीक, मांसल पानांची, ओलसर जागी पसरणारी. दुसरी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी: वाटोळ्या, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांची. दोघींतली द्रव्यं वेगळी. बॅकोसाइड जलब्राह्मीत असतात, आणि स्मरणशक्तीवरच्या बहुतेक चाचण्या तिच्याच झाल्या आहेत. बहुतेकांत दिवसाला सुमारे ३०० मिलिग्रॅम प्रमाणित अर्क बारा आठवडे दिला गेला. शिकलेलं आठवणं, लक्ष देण्याचा वेग यांत थोडी सुधारणा दिसली. २०१४ सालच्या एका एकत्रित विश्लेषणात नऊ चाचण्या मिळून ५१८ लोक होते. आकडा लहान आहे आणि ही माणसं बहुतेक निरोगी होती. म्हणून निरोगी मध्यमवयीन किंवा वृद्ध माणसाने डॉक्टरांना सांगून बारा आठवडे करून पाहण्याजोगी गोष्ट म्हणून मी ब्राह्मीकडे पाहते. अल्झायमर झालेल्या माणसाला तिने फायदा होतो, असा भक्कम पुरावा नाही. पोटात मळमळ, कळा आणि वारंवार शौचाला होणं हे त्रास तिने होतात. जेवणासोबत घेतल्यास ते कमी होतात.

हळदीतल्या कर्क्युमिनबद्दल लोक खूप आशेने विचारतात. अडचण शरीरात शिरण्याची आहे. आतडं आणि यकृत त्याचं लगेच रूपांतर करून टाकतात आणि रक्तात फारच थोडं पोचतं. हळदीच्या भुकटीत ते वजनाच्या साधारण तीनच टक्के असतं, म्हणजे चमचाभर हळदीने मेंदूत औषधी मात्रा पोचत नाही. २०१८ सालच्या एका चाचणीत ४० लोकांपैकी साधारण निम्म्यांना सहज शोषलं जाईल अशा स्वरूपातलं ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिवसातून दोनदा, १८ महिने दिलं आणि स्मरणाच्या कसोट्यांत सुधारणा आढळली. मात्र त्या लोकांना स्मृतिभ्रंश नव्हता. अल्झायमरच्या ३६ रुग्णांवरच्या त्याआधीच्या एका चाचणीत काहीच फरक आढळला नव्हता. शोषण वाढावं म्हणून कर्क्युमिनमध्ये मिऱ्यातलं पायपरिन मिसळतात. १९९८ सालच्या एका प्रयोगात त्याने माणसांच्या रक्तातलं प्रमाण २० पट वाढलं होतं. पण पायपरिन इतर औषधांचं विघटनही रोखतं. फिट्सवरच्या फेनिटॉइनसारख्या, प्रमाण जरा चुकलं तरी त्रास देणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हे मिश्रण नकोच. जास्त शोषल्या जाणाऱ्या कर्क्युमिनच्या कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदीही आहेत.

अश्वगंधेची एमसीआयवरची एक चाचणी ५० लोकांची, आठ आठवड्यांची. निकाल उत्साह वाढवणारा होता, पण आकाराने चिमुकला. अश्वगंधा थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते, झोपेच्या औषधांची गुंगी वाढवू शकते, आणि काही लोकांत यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

हुपरझीन-ए हे चीनमधल्या हुपरझिया सेराटा या शेवाळासारख्या दिसणाऱ्या वनस्पतीतलं द्रव्य. चीनमध्ये ते औषध म्हणून वापरतात, इतरत्र अनेक ठिकाणी पूरक आहार म्हणून विकलं जातं. अमेरिकेत अल्झायमरच्या २१० रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निकाल २०११ साली आला. दिवसातून दोनदा २०० मायक्रोग्रॅम घेऊन १६ आठवड्यांत फायदा दिसला नाही. ते ॲसिटिलकोलिनेस्टरेजला अडवणारं खरंखुरं द्रव्य आहे, म्हणून डोनेपेझिल (डॉक्टर लिहून देतात ते अल्झायमरचं आणखी एक औषध) किंवा गॅलँटामाइन चालू असताना ते घेणं म्हणजे त्याच गटातलं औषध दुप्पट घेणं. मी नेमकी हीच चूक करण्याच्या बेतात होते. डॉक्टरांनी डोनेपेझिल लिहून दिलं त्या दिवशी ती बाटली मी कागदावर लिहून नेली नसती, तर दोन्ही एकत्र चालू राहिलं असतं.

केशराच्या इराणमधल्या चाचण्या वाचण्यासारख्या आहेत. ५४ रुग्णांत, २२ आठवड्यांत, दिवसाला ३० मिलिग्रॅम केशर डोनेपेझिलच्या तोडीचं ठरलं. संख्या लहान असल्याने दुसरीकडच्या मोठ्या चाचण्यांनी ते खरं करून दाखवेपर्यंत थांबावं असं मला वाटतं. द्राक्षांतल्या रेझव्हेराट्रॉलचा ११९ रुग्णांवर वर्षभर प्रयोग झाला. शरीराला ते सोसलं, पण स्मरणशक्तीला उपयोग झाल्याचं सिद्ध झालं नाही.

पाचवी पायरी: ‘संशोधनाने सिद्ध’ वाचलं की पाच प्रश्न विचारा

कशावर झालं? काचेच्या बशीतल्या पेशी, उंदीर आणि माणूस यांच्यात फार मोठं अंतर आहे. बशीतल्या पेशीला द्रव्य थेट मिळतं. माणसात ते आतडं, यकृत आणि मग रक्त व मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडून जावं लागतं. उंदरांना अल्झायमर आपोआप होत नाही, जनुकं बदलून तसा आजार घडवलेला असतो, आणि अशा उंदरांत यशस्वी झालेली कितीतरी द्रव्यं माणसांत निष्फळ ठरली आहेत.

किती माणसं, किती दिवस? वर्षानुवर्षं सरकणाऱ्या आजाराबद्दल आठ आठवड्यांत फार कमी कळतं. तुलनेला औषध नसलेली गोळी होती का? हा प्रश्न मी सगळ्यांत आधी तपासते. स्मरणशक्तीची तीच कसोटी दुसऱ्यांदा दिली की सरावानेच गुण वाढतात, म्हणून तुलनेचा गट नसला तर ‘सुधारणा’ ही सरावाचीच असू शकते. माणसं निरोगी होती की आजारी? आणि शेवटी, चाचणीतला अर्क आणि तुमच्या हातातला अर्क एकच आहे का? या शेवटच्या प्रश्नापाशी बहुतेक बाटल्या गळतात.

सहावी पायरी: बाटलीची मागची बाजू वाचा

एक बाटली घेऊ. पुढे ठळक अक्षरांत: ब्राह्मी ५०० मि.ग्रॅ. आता ती फिरवा. मागच्या बाजूला ‘चूर्ण’ लिहिलंय की ‘अर्क’? चूर्ण असेल तर ती वाळवलेली, दळलेली वनस्पती. त्यात बॅकोसाइड किती हे पीक, जमीन आणि साठवण यांवर अवलंबून. अर्क असेल तर पुढे ‘१०:१’ दिसेल. म्हणजे दहा भाग वनस्पतीपासून एक भाग अर्क. हा आकडा भारदस्त वाटतो, पण नेमकं द्रव्य किती ते त्यातून कळत नाही. शोधायची ती ओळ अशी असते: ‘बॅकोसाइड ५० टक्के’. आता हिशेब करा. ३०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ५० टक्के म्हणजे १५० मिलिग्रॅम. शेजारच्या बाटलीत ५०० मिलिग्रॅम आणि बॅकोसाइड २० टक्के, म्हणजे १००. पुढचा आकडा मोठा असलेली बाटली द्रव्याने कमी निघाली.

त्याखाली वनस्पतीचं शास्त्रीय नाव आहे का ते पाहा. नुसतं ‘ब्राह्मी’ पुरेसं नाही, कारण मघाचा घोळ. कोणता भाग वापरला तेही हवं. अश्वगंधेच्या मुळात आणि पानांत द्रव्यांचं प्रमाण वेगळं असतं. मग बॅच क्रमांक, मुदत आणि कंपनी शिसं, पारा, आर्सेनिक यांचा तपासणी अहवाल देते का. हे नुसतं भीती घालणं नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशांत यांपैकी एखादा धातू सापडला होता. शिसं स्वतःच मेंदूला घातक आहे. स्मृतीसाठी घेतलेल्या गोळीतून तेच पोटात जावं, यापेक्षा वाईट काय असणार?

‘खास मिश्रण’ म्हणून दहा-बारा वनस्पतींची नावं देऊन प्रत्येकाची मात्रा न देणारी बाटली मी परत ठेवते. त्रास झाला तर कशाने झाला ते कळायचा मार्गच नसतो.

सातवी पायरी: चालू औषधांशी टक्कर होते का ते तपासा

वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, रोजची ॲस्पिरिन, किंवा रक्त पातळ करणारं इतर कोणतंही औषध चालू असेल, तर जिंको आणि जास्त मात्रेतलं कर्क्युमिन टाळा. रक्तस्रावाचा धोका वाढतो. लेकानेमॅबसारखी अल्झायमरची नवी अँटिबॉडी इंजेक्शनं चालू असतील, तर मेंदूत सूज आणि रक्तस्राव होण्याची शक्यता आधीच असते, म्हणून ही काळजी दुप्पट. पित्ताशयात खडे असतील तर कर्क्युमिन नको. नाडी मुळात मंद असेल, हृदयाच्या विद्युतवहनात दोष असेल, दमा किंवा पोटात अल्सर असेल, तर हुपरझीन नकोच. शस्त्रक्रिया ठरली की भूलतज्ज्ञांना प्रत्येक बाटलीचं नाव सांगा. जिंकोसारख्या गोष्टी साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगितलं जातं.

‘हे तर नैसर्गिक आहे, डॉक्टरांना काय सांगायचं’ असं म्हणून पुष्कळ घरांत ही माहिती दडवली जाते. डॉक्टर रागावतील अशी भीती असते. एखादे रागावतीलही. तरी सांगा.

आठवी पायरी: एकच गोष्ट, बारा आठवडे, वही समोर

डॉक्टरांची हरकत नाही, द्रव्य निवडलं, बाटली तपासली. आता आजारी माणसाला नीट समजावून सांगा, की हे काय आहे आणि कशासाठी करून पाहतोय. जेवणात किंवा दुधात लपवून देऊ नका. ज्याचं डोकं त्यालाच अनोळखी होत चाललंय, त्याच्या हातातून एवढा होकार तरी काढून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

सुरू करण्याआधी दोन आठवडे फक्त नोंदी करा, काहीही न देता. रोजच्या जगण्यातली पाच कामं निवडा, त्या माणसाची स्वतःची. आईची आम्ही ही निवडली होती: आपल्या गोळ्या वेळेवर मागणं, फोन करून बोलणं, वर्तमानपत्रातली बातमी दुपारी परत सांगणं, कपडे क्रमाने घालणं, आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा न विचारणं. प्रत्येक कामाला शून्य ते तीन गुण: शून्य म्हणजे जमलंच नाही, तीन म्हणजे एकटीने, न अडखळता. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, घरातल्या दोघांनी एकमेकांचं न बघता लिहायचं. मनात आशा असते तेव्हा आपला हात नकळत वरचा गुण देतो. दोन हात वेगळे लिहितात तेव्हा ते लक्षात येतं. सोबत वजन, नाडी, झोपेचे तास आणि पोटाच्या तक्रारी.

मग एकच द्रव्य सुरू करा, कमी मात्रेने. त्या बारा आठवड्यांत दुसरं काही नवं नाही, चष्म्याचा नंबर आणि कानाचं यंत्रसुद्धा शक्यतो आधीच उरकून घ्या. नाहीतर फरक कशाने पडला ते सांगता येणार नाही. बाराव्या आठवड्याला डॉक्टरांकडे मोका पुन्हा करून घ्या, आणि प्रश्नांचा वेगळा संच वापरायला सांगा. तो उपलब्ध असतो.

एखादा चांगला आठवडा आला की हुरळून जावंसं वाटतं. या आजारात चढउतार असतातच. आमच्या वहीत सर्वांत चांगला आठवडा काहीही न देता गेलेल्या त्या पहिल्या दोन आठवड्यांतला होता. ते पान नसतं, तर ते श्रेय मी नक्कीच बाटलीला दिलं असतं.

नववी पायरी: कधी थांबायचं ते सुरू करायच्या आधी लिहून ठेवा

ताबडतोब थांबवून डॉक्टरांना कळवायचं: डोळे पिवळे, लघवी गडद, अंगभर खाज (यकृत), नाडी ५०च्या खाली किंवा घेरी येऊन पडणं, काळी शौच, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विनाकारण निळे डाग, एकदम वाढलेला गोंधळ, महिन्याभरात लक्षात येईल इतकं वजन उतरणं.

बारा आठवड्यांत वहीत काही फरक नाही, तर तेही थांबायचं कारणच आहे. ‘अपाय तर नाही ना, चालू दे’ म्हणून पुढे ढकलू नका. त्याच तऱ्हेने आमच्या डब्यात तीन बाटल्या जमल्या होत्या. फरक पडलाय असं वाटलं, तर डॉक्टरांना विचारून चार आठवडे बंद करून पाहा आणि नोंदी चालू ठेवा. बंद केल्यावर गुण उतरले आणि सुरू केल्यावर पुन्हा चढले, तर काहीतरी हाती लागलं म्हणता येईल. डॉक्टरांनी लिहून दिलेलं गॅलँटामाइन, रिव्हास्टिग्मिन किंवा डोनेपेझिल मात्र असं मनाने बंद करून पाहायचं नाही. त्या औषधांचा निर्णय डॉक्टरांसोबतच.

या सगळ्या काळात रक्तदाब, साखर, ऐकणं, चालणं आणि माणसांत मिसळणं यांकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली १४ जोखीम-घटक सांगितले आणि ते सगळे आवरले तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतील असा अंदाज दिला. स्प्रिंट-माइंड या २०१९ सालच्या अभ्यासात रक्तदाब जास्त काटेकोरपणे खाली ठेवलेल्या गटात एमसीआयचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी होतं. आजवर वनस्पतीच्या कोणत्याही अर्काने इतक्या मोठ्या चाचणीत असा निकाल दिलेला नाही. म्हणून वहीत त्या पाच कामांच्या शेजारी आणखी एक रकाना आखा, रक्तदाबाचा. आमच्या वहीत तो आता पहिलाच आहे, आणि आईला आकडा वाचता येतो त्या दिवशी तो तीच लिहिते.